भिंतीवरचा फार्मासिस्ट : एका रिकाम्या खुर्चीचा इतिहास

१/ अलीकडे एक मत वारंवार वाचनात येते. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे, ही अट म्हणजे ब्रिटिशांनी मागे ठेवलेले जोखड आहे. आता औषधे कारखान्यातून पाकीटबंद येतात, मग ती काढून देण्यासाठी शिकलेला माणूस कशाला हवा? हे मत इतिहासाचा दाखला देऊन मांडले जाते. म्हणून त्याचा प्रतिवादही इतिहासाच्याच आधारे करतो. मालिका दीर्घ आहे; शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

२/ आरंभ इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या गिरणगावापासून करू. साल १८५८, ऑक्टोबरचा अखेरचा आठवडा. त्या काळी साखर महाग होती. त्यामुळे पेपरमिंटच्या गोळ्या करणारे कारागीर साखरेत जिप्समसारखी स्वस्त, निरुपद्रवी पांढरी भुकटी मिसळत. अशाच एका कारागिराने भुकटी आणण्यासाठी आपल्या माणसाला जवळच्या औषधविक्रेत्याकडे धाडले.

३/ औषधविक्रेता त्या दिवशी आजारी होता, अंथरुणावर होता. दुकानात होता त्याचा मदतनीस. त्याने मालकाला विचारले, तेव्हा भुकटी कोपऱ्यातील पिंपात असल्याचे उत्तर मिळाले. मदतनिसाने पिंप उघडले आणि १२ पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच किलो भुकटी तोलून दिली. पिंप चुकले होते. त्यात आर्सेनिक होते.

४/ गोळ्या बाजारात विकल्या गेल्या. सुमारे २० माणसे मेली, त्यांत लहान मुले होती; सुमारे २०० जण आजारी पडले. खटला उभा राहिला, परंतु शिक्षा कोणालाही झाली नाही. आर्सेनिकच्या विक्रीची नोंद ठेवण्याचा कायदा तिथे १८५१ पासून होता; मात्र विष हाताळणारा माणूस शिकलेला असावा, अशी अट त्यात नव्हती. ती अट आली १८६८ च्या फार्मसी कायद्याने. ठरावीक विषे नोंदणीकृत व्यक्तीनेच विकावीत, असा दंडक त्या कायद्याने घातला.

५/ या घटनेत खलनायक नाही. भेसळीची रीत उघड होती, मदतनिसाचा हेतू वाईट नव्हता, मालकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. दोन पांढऱ्या भुकट्यांतील भेद ओळखणारा माणूस त्या घरातच होता. फक्त तो दुकानात नव्हता. ‘फार्मासिस्ट हजर असावा’ या साध्या वाटणाऱ्या अटीमागे अशा प्रेतांची रांग आहे.

६/ आता ‘ब्रिटिश अवशेष’ या शब्दप्रयोगाकडे वळू. वैद्य आणि औषधविक्रेता यांची फारकत कायद्याने करण्याचे युरोपातील प्रसिद्ध उदाहरण १३व्या शतकातील आहे. सिसिलीचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक याने वैद्यांना औषधविक्रेत्यांशी भागीदारी करण्यास मनाई केली, औषधविक्रेत्यांना शपथेने बांधले आणि औषधांच्या किमतीवर मर्यादा घातली. त्या काळी ब्रिटिश साम्राज्य नावाची वस्तू अस्तित्वातही नव्हती.

७/ त्या मनाईमागील विचार आजही समजण्याजोगा आहे. औषध लिहून देणाऱ्याचा नफा औषधाच्या विक्रीत गुंतला, तर लेखणी गरजेपेक्षा अधिक चालते. म्हणून लिहिणारा एक आणि देणारा दुसरा. देणाऱ्याने लिहिलेले तपासायचे, शंका आल्यास थांबायचे आणि विचारायचे. फार्मासिस्टच्या व्यवसायाचा नैतिक पाया या थांबण्याच्या अधिकारात आहे.

८/ आपल्याकडे वसाहतकाळात ही जागा ‘कंपाउंडर’ने भरून काढली. दवाखान्यातील लाल-गुलाबी मिक्श्चर, बाटलीच्या अंगावर डोस दाखवण्यासाठी चिकटवलेली कातरलेली कागदी पट्टी, ही आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीतील चित्रे. कंपाउंडर बहुधा डॉक्टरांच्या हाताखाली पाहून पाहून शिकत असे. त्यांपैकी अनेक जण निष्णात होते, याबद्दल वाद नाही. परंतु डॉक्टरांचा नोकर डॉक्टरांची चूक दाखवणार कशी? स्वतंत्र व्यवसाय म्हणून त्याला ना शिक्षण होते, ना नोंदणी, ना संरक्षण.

९/ दुसरीकडे बाजार मोकाट होता. हलक्या प्रतीची आयात औषधे आणि भेसळयुक्त माल यांविरुद्ध ओरड वाढत गेली. मलेरियावरील क्विनाइनसुद्धा त्यातून सुटले नव्हते. मार्च १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेट या केंद्रीय वरिष्ठ सभागृहात सर हारून जाफर यांनी औषधांच्या विक्रीवर आणि प्रमाणीकरणावर कायदेशीर नियंत्रण आणण्याचा ठराव मांडला. मागणी करणारा भारतीय होता आणि ती परकीय सरकारकडे केलेली होती, याची नोंद ‘जोखड’वाद्यांनी घ्यावी.

१०/ सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील हे नामवंत औषधशास्त्रज्ञ. समितीने १९३१ मध्ये अहवाल दिला. औषधांची गुणवत्ता तपासणारी यंत्रणा आणि औषध देणाऱ्या माणसाचे शिक्षण व नोंदणी, अशा दोन्ही गोष्टी तिने मागितल्या. औषध शुद्ध असणे आणि ते योग्य हातांतून जाणे, हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, हे त्यांनी तेव्हाच जाणले होते.

११/ पुढचा प्रवास मंदगतीने झाला. महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने १९३२ पासून बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. १९४० मध्ये औषध कायदा आला, १९४५ मध्ये त्याचे नियम आले. आणि १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने ब्रिटिश भारतातील पात्रताधारक फार्मासिस्टांची संख्या नोंदवली : ७५. होय, पंचाहत्तर. सुमारे ४० लाख लोकांमागे एक.

१२/ हा आकडा पाहता ‘ब्रिटिशांनी लादलेला फार्मासिस्ट’ हे विधान हास्यास्पद ठरते. ब्रिटिशांनी फार्मासिस्ट लादला नाही; त्यांनी तो दिलाच नाही. फार्मसी कायदा झाला तो मार्च १९४८ मध्ये, स्वतंत्र भारताच्या संविधान सभेने विधिमंडळ म्हणून काम करत असताना. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, संस्थानांचे प्रश्न पेटलेले होते. त्या धामधुमीतही हा कायदा करावा असे त्या सभेला वाटले.

१३/ या कायद्याचे कलम ४२ म्हणजे त्याचा कणा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करणे, मिसळणे किंवा देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करावे, असे ते सांगते. स्वतःच्या रुग्णांना औषध देणाऱ्या डॉक्टरांना त्यातून सूट आहे. उल्लंघनाला मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती.

१४/ कायदा करणारे आंधळे नव्हते. ७५ माणसांवर देश चालणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून पहिल्या नोंदवहीत पदवीधरांबरोबरच रुग्णालयात किंवा दवाखान्यात किमान पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेल्यांनाही प्रवेश देण्यात आला. अनुभवी कंपाउंडरला हाकलले नाही; त्याला व्यवसायात सामावून घेतले. आणि कलम ४२ लागू करण्याची तारीख ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले.

१५/ घात इथेच झाला. तारखा लांबत गेल्या. अखेर १९७६ च्या दुरुस्तीनंतर आणि तिच्यातील मुदतीच्या वाढीनंतर असे ठरले, की ज्या राज्याने तारीख जाहीर केली नसेल तिथे आठ वर्षांनी हे कलम आपोआप लागू होईल. ते वर्ष १९८४. म्हणजे १९४८ मध्ये ज्याला कायद्याचा कणा मानले, तो देशभर बसवायला ३६ वर्षे लागली. ज्या नियमाला ‘कालबाह्य’ म्हटले जाते, तो व्यवहारात धड तरुणही झालेला नाही.

१६/ त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबई हादरली. जानेवारी-फेब्रुवारी १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना उपचारात दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा उत्पादन, खरेदी, तपासणी, प्रशासन अशा साखळीतील एकामागून एक कड्या निखळलेल्या आढळल्या. महाराष्ट्रातील इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावे असे हे प्रकरण आहे. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र ते क्वचितच भेटते.

१७/ याच रसायनाने १९३७ मध्ये अमेरिकेत ‘एलिक्सिर सल्फॅनिलामाइड’ या औषधातून शंभराहून अधिक बळी घेतले होते आणि त्यातून तिथे १९३८ चा अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा झाला होता. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने बालके दगावली, तेव्हाही तपासात हेच नाव पुढे आले. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांत रसायन बदललेले नाही.

१८/ इथे विरोधक म्हणतील : बाटलीतील विष फार्मासिस्टला डोळ्यांनी दिसते काय? मान्य, दिसत नाही. ते शोधणे प्रयोगशाळेचे आणि निरीक्षकाचे काम आहे. पण इशारा आल्यावर तो बॅच क्रमांक शेल्फवरून काढणे, ती बाटली कोणाच्या घरी गेली हे बिलांवरून शोधणे, पालकांना दूरध्वनी करणे, हे कोण करणार? नोंद ठेवणारा जबाबदार माणूस दुकानात नसेल, तर माल परत मागवण्याचा सरकारी आदेश कागदावरच राहतो.

१९/ ‘पाकीटबंद औषधाला फार्मासिस्ट कशाला’ या प्रश्नाचे उत्तर मला घरातच मिळाले. माझ्या आजीला दोन डॉक्टरांनी रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन लिहून दिले, वेगवेगळ्या ब्रँडनावांनी. दुकानातील मुलाने दोन्ही पाकिटे पिशवीत घातली. तीन आठवडे आजी दुप्पट औषध घेत होती. पाय सुजले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. फार्मसी शिकलेली एक मैत्रीण घरी आली, तिने दोन्ही पाकिटांवरील बारीक अक्षर वाचले आणि विचारले, “आजी, तुम्ही या दोन्ही रोज घेता का?”

२०/ तो एक प्रश्न. तो विचारायला दहा सेकंद लागतात, पण त्यामागे काही वर्षांचे शिक्षण असते. दुकानातील मुलाला मी दोष देत नाही. ब्रॅडफर्डच्या मदतनिसाप्रमाणे त्याने सांगितलेली वस्तू काढून दिली. त्याच्या डोक्यावर भिंतीवर एक प्रमाणपत्र चौकटीत टांगलेले होते. त्यावरील नावाचा माणूस आम्हांला त्या दुकानात कधीच दिसला नाही.

२१/ हेच आजचे उघड गुपित आहे. प्रमाणपत्र भाड्याने देण्याची रीत फार्मसीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. मालक नाव भाड्याने घेतो, फार्मासिस्ट ते देतो आणि दुसरीकडे नोकरी करतो, तपासनीस भिंतीकडे पाहून समाधान मानतो. या तिघांत सर्वांत मोठा दोष फार्मासिस्टचा आहे, हे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे. मालक व्यापारी आहे. नफ्याचे गणित त्याने मांडले तर नवल नाही. व्यवसायाची नीती स्वीकारलेला माणूस मात्र आपले नाव विकतो, तेव्हा तो त्याआधीच्या सर्व पिढ्यांचा झगडा मातीमोल करतो.

२२/ तरीही केवळ उपदेशाने भागणार नाही. अर्थकारणही पाहिले पाहिजे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने नियंत्रित औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा ठरवून दिला. हा मोबदला विक्रीचा आहे. रुग्णाला समजावण्याचा, चुकीची चिठ्ठी परत पाठवण्याचा, अनावश्यक औषध न देण्याचा मोबदला शून्य. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा औषध देण्याच्या कामाचे शुल्क फार्मसीला वेगळे देते. आपल्याकडे ‘नको, हे औषध घेऊ नका’ असे सांगणारा फार्मासिस्ट स्वतःच्या खिशातून पैसे भरतो. सुधारणा हवी असेल तर ती इथे हवी. हजेरीची अट काढण्यात नव्हे.

२३/ दुसरा आक्षेप खेड्यांचा : अट पाळली तर गावात औषधच मिळणार नाही. ही चिंता खरी आहे, आणि म्हणूनच नियम करणाऱ्यांनी तिचा विचार केलेला आहे. औषध नियमांच्या ‘के’ परिशिष्टात, एक हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावांत ठरावीक घरगुती औषधे परवान्याशिवाय विकण्याची सोय आहे. तापाची गोळी वाण्याकडे मिळू शकते. वाद आहे तो शहरांतील मुख्य रस्त्यांवर, रुग्णालयांच्या दारांत, एकमेकांना लागून उभ्या असलेल्या दुकानांचा. तिथे खेड्याची ढाल पुढे करणे अप्रामाणिकपणाचे आहे.

२४/ तिसरा आक्षेप : माणसेच कमी आहेत. १९४६ मध्ये हा युक्तिवाद योग्य होता. आज देशात नोंदणीकृत फार्मासिस्टांची संख्या लाखोंत आहे. १९९१ च्या शिक्षण नियमांनी पदविकेसाठी ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण ठेवले आणि त्यातील निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरील औषधे देण्यासाठी राखले. ज्या कामासाठी विद्यार्थ्याला एवढे तास उभे केले, त्याच कामाच्या जागी नंतर त्याची फक्त चौकट टांगायची, याला काय म्हणावे?

२५/ महाराष्ट्रात हा नियम गांभीर्याने घेतल्यास काय होते, हेही आपण पाहिले आहे. २०१२ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टची उपस्थिती आणि बिले यांची तपासणी कठोरपणे सुरू केली. परवाने निलंबित होऊ लागले. विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. कायद्याच्या साध्या अंमलबजावणीला ‘छळ’ हे नाव मिळाले, यावरूनच सवय किती मुरली होती ते कळते.

२६/ नियमांची उणीव नाही. २०१३ मध्ये आलेल्या ‘एच-१’ परिशिष्टाने ठरावीक प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि सवय लावणारी औषधे यांसाठी स्वतंत्र नोंदवही सक्तीची केली. डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव, औषध व मात्रा लिहून ती तीन वर्षे जपायची. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून नोंदवले : औषध कसे घ्यावे, दुष्परिणाम कोणते, कसे साठवावे, मात्रा चुकल्यास काय करावे. हे सर्व लिहिलेले आहे. वाचून अमलात आणणारा माणूस मात्र जागेवर हवा.

२७/ मग आपण, जे इतिहास वाचतो, त्यांनी काय करावे? पुढच्या वेळी औषध घेताना भिंतीवरील नाव वाचावे आणि विनयाने विचारावे, “फार्मासिस्ट आहेत का? त्यांच्याशी बोलायचे आहे.” घरात आधीच चालू असलेल्या औषधांची यादी त्यांना दाखवावी. बिल मागावे आणि त्यावरील बॅच क्रमांक पाहावा. फार्मासिस्ट नसतील, तर जिथे असतात तिथे जावे, दोन पावले लांब पडले तरी.

२८/ आणि फार्मसी शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. तुमच्या नावाचा कागद कोणी भाड्याने मागेल. दरमहा विनासायास पैसे मिळतील, असेही सांगेल. त्या वेळी ब्रॅडफर्डचा तो आजारी औषधविक्रेता आठवा. तो निदान खरोखरच आजारी होता.

२९/ मतभेद असल्यास अवश्य मांडावेत. कलम, वर्ष किंवा घटना चुकली असल्यास पुराव्यासह दाखवावी, दुरुस्ती करीन. पुढील मालिकेत लेंटिन आयोगाचे कामकाज कसे चालले, त्याविषयी सविस्तर लिहिणार आहे.